बटण लावायला शिकवणारी चित्रकथा

कार्यानुभवाच्या तासाला शिक्षक बटण लावून दाखवतात, तेव्हा मागच्या रांगेला दिसतात फक्त त्यांची बोटं. सुई कापडाखाली गेली की पुढचं कोणालाच दिसत नाही, आणि गुंता नेमका तिथेच होतो. चित्रकथेत कापडाचा उभा छेद काढून खालचा दोराही दाखवता येतो. शिवाय चित्र थांबून राहतं. मूल हवं तितका वेळ त्याकडे बघू शकतं. अमेरिकी लष्कराने १९५१ मध्ये वाहनांच्या देखभालीसाठी चित्रकथांचं मासिक काढलं, ते याच जोरावर. विल आयस्नर या चित्रकथाकाराने ते वीस वर्षं सांभाळलं.

एका ए-फोर कागदाची आठ पानी पुस्तिका होते. कागद आडवा धरून आठ समान घरं आखा. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ आणि वरच्या ओळीत ५, ४, ३, २ ही पानं. वरची चित्रं उलटी, डोकी खाली. कागद लांबीत दुमडून मधल्या दोन घरांपुरती घडी कापा, मग दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलून पानं मिटा. कडेला १ सेंटिमीटर कोरं सोडा, नाहीतर झेरॉक्समध्ये ओळी कापल्या जातात.

चित्र मुलाच्या डोळ्यांतून काढा, म्हणजे हात खालून वर येताना दिसतील. समोरून काढलं की डावं-उजवं उलटतं आणि मूल सुई भलत्या हातात धरतं. फुग्यात आठ-दहा शब्द पुरेत.

दोरा ५० सेंटिमीटर, नेढ्यातून ओवून दुहेरी, टोकाला गाठ. लांब घेतला की गुंततो. बटणावर आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालायचे; काडी विसरली तर बटण कापडाला घट्ट चिकटतं आणि काजात जात नाही. हे फजितीचं चित्र शेवटच्या पानावर हवंच, मुलं तेच आधी उघडतात!

छापण्याआधी कच्ची प्रत एका मुलाला द्या आणि गप्प बसा. हात अडतो किंवा पान मागे उलटलं जातं, तिथे एक चौकट कमी आहे. बटणाच्या बाबतीत ही जागा बहुधा काडी काढल्यानंतरची: सुई भोकातून वर न आणता बटण आणि कापड यांच्या मधून काढायची, दोऱ्याला तीन वेढे द्यायचे, मग खाली नेऊन गाठ. 'मधून' हा शब्द मुलं वाचतात, पण सुई भोकातूनच काढतात. तिथे बाजूने पाहिलेली, मोठी, बिनशब्दांची चौकट लागते.