अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा आहार आणि आतड्याचे आरोग्य

कोंबडीने खाल्लेल्या खाद्यातले किती पचते, न पचलेल्या भागावर आतड्यात कोणते जिवाणू पोसले जातात आणि त्याचा अंड्यांच्या संख्येवर, कवचावर व मरतुकीवर काय परिणाम होतो, याचा विचार या विषयात होतो. व्यापारी लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले जवळपास २० तास एकट्या कवचाला लागतात. कामाचा हा वेग पाहता आतडे चार-आठ दिवस जरी बिघडले तरी त्याचा हिशेब अंड्यांच्या ट्रेमध्ये लगेच दिसतो. उत्पादन खर्चात खाद्याचा वाटा सुमारे ७० टक्के असल्याने खाद्य स्वस्तात बसवण्याकडे प्रत्येकाचा कल असतो. मात्र न पचणारे खाद्य कितीही स्वस्त मिळाले तरी महागच पडते, कारण ते कोंबडीऐवजी तिच्या आतड्यातल्या नको त्या जिवाणूंना पोसते.

नाशिक जिल्ह्यात हा विषय मक्यापासूनच सुरू करावा लागतो. येवला, चांदवड, मालेगाव, बागलाण, निफाड या पट्ट्यात खरीप मक्याचे मोठे क्षेत्र आहे आणि लासलगाव, येवला, मालेगाव येथील बाजार समित्यांत त्याची आवक होते. लेअरच्या खाद्यात निम्म्याहून अधिक भाग बहुधा मक्याचा असतो. त्यामुळे इथल्या शेडमधील आतड्याचे दुखणे अनेकदा शेडमध्ये सुरूच झालेले नसते. ते ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात, खळ्यावर सुरू झालेले असते.

पचनाची वाट

कोंबडीला दात नसतात. टिपलेले खाद्य आधी मानेच्या तळाशी असलेल्या अन्नपिशवीत भिजते, मग ग्रंथिल जठरात त्यात आम्ल व प्रथिने फोडणारे पेप्सिन मिसळते आणि पुढे पेषणीच्या जाड स्नायूंमध्ये ते दळले जाते. पेषणीतला सामू (पीएच) साधारण २.५ ते ३.५ इतका आम्लधर्मी असतो, म्हणून खाद्याबरोबर आलेले पुष्कळ जिवाणू तिथेच मरतात. पेषणी हे काम नीट करते ते दळायला काही असेल तरच. पिठासारखे बारीक खाद्य तिथे थांबत नाही. पेषणी लहान आणि ढिली राहते, तर ग्रंथिल जठर फुगते. मका जाडसर भरडणे आणि सूर्यफूल पेंडीसारख्या घटकांतून न विरघळणारा तंतू थोडा तरी ठेवणे यासाठी गरजेचे आहे. तंतू म्हणजे नुसती भरती, हा समज शेतकऱ्यांत अजून पक्का आहे. तो सोडून द्यावा असाच आहे.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला रसांकुरांचे, म्हणजे बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांचे, दाट आवरण असते. शोषण तिथे होते. या आवरणातल्या पेशी काही दिवसांतच झडून नव्या येतात आणि त्यासाठी कोंबडी स्वतःची प्रथिने व ऊर्जा खर्च करते. आतड्याला जितकी इजा, तितके दुरुस्तीत जास्त जाते आणि अंड्याला कमी उरते. लहान आतडे संपते तिथे दोन अंधनाल, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या नळ्या, असतात. तिथले जिवाणू तंतूंचा काही भाग आंबवून ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक आम्ले तयार करतात. त्यांतले ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तराचे आवडते इंधन. याउलट न पचलेली प्रथिने खालच्या आतड्यात पोचली की ती कुजतात, अमोनिया व अमाइन्स तयार होतात आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जिवाणूंना संधी मिळते. आतड्याचे अस्तर सडवणारा नेक्रोटिक एन्टरायटिस हा रोग याच जिवाणूमुळे होतो. रक्ती हगवणीने, म्हणजे कॉक्सिडिओसिसने, अस्तर आधीच सोलवटले असेल तर त्याचे काम आणखी सोपे होते.

मका आणि बुरशी

कणसे शेतात उभी असताना पाऊस लागला किंवा दाणे ओलसर असतानाच गोण्या शिवल्या, तर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन तयार करते. बाजारात व्यापारी मूठभर मका ओलावा मोजण्याच्या यंत्रात टाकून भाव ठरवतात. आकडा १४ च्या वर असला की भाव पडतो, आणि नेमका तोच पडत्या भावाचा माल घरचे खाद्य बनवणाऱ्याला परवडणारा वाटतो. साठवणुकीसाठी ओलावा १२-१३ टक्क्यांपर्यंत खाली यायला हवा. उशिरा वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, पण आधी तयार झालेले विष तसेच राहते. खाद्य कारखान्यातील नेहमीच्या उष्णतेनेही ते जात नाही. डोळ्यांना बुरशी दिसत नाही म्हणून माल सुरक्षित, असेही म्हणता येत नाही. भारतीय मानकात कोंबडी खाद्यातील अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. इतके कमी प्रमाण नजरेने किंवा वासाने कळत नाही, त्याला चाचणीच लागते.

अफ्लाटॉक्सिनचा मुख्य घाव यकृतावर बसतो. शवविच्छेदनात यकृत पिवळट, ठिसूळ आणि चरबीने भरलेले दिसते. पित्त व पाचकरसांचे काम मंदावते, चरबीचे पचन बिघडते, अंडी लहान पडतात, आणि रोगप्रतिकारशक्ती खालावल्यामुळे वेळेवर दिलेली लसही नीट लागत नाही. टी-२ या दुसऱ्या बुरशीविषाने चोचीच्या आत व कडेला पिवळसर चट्टे पडतात. कोंबड्यांचे खाणे अचानक कमी झाले की चोच उघडून पाहावी, ती यासाठी. खाद्यात मिसळली जाणारी बेंटोनाइट ही माती अफ्लाटॉक्सिनला चांगले बांधून ठेवते, टी-२ वर मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही. मुळात फुटका दाणा व भुसकट यांत विष अधिक साठलेले असते, त्यामुळे मका चाळून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून अंतर ठेवून रचाव्यात, हे तर प्रत्येक जण सांगतो. पावसाळ्यात ते पाळले जाते का, हे गोदामात गेल्यावरच कळते.

खाद्यपात्रात काय उरते

भरड खाद्य पात्रात पडले की कोंबडी आधी मक्याचे मोठे तुकडे वेचते. जीवनसत्त्वे, मेथिओनिन हे अमिनो आम्ल, खनिजे यांची भुकटी तळाशी राहते. पात्र सतत भरलेले ठेवले तर ती कधीच संपत नाही, आणि कागदावर समतोल असलेला आहार कोंबडीच्या पोटात मात्र असमतोल पोचतो. म्हणून दिवसातून एकदा, दुपारच्या सुमारास, पात्र चाटूनपुसून रिकामे होऊ द्यावे. पाण्याचे निपल (पिण्याची तोटी) गळत असेल तिथे पात्राच्या कोपऱ्यात खाद्याचा ओला थर चिकटून बसतो. बोटाने खरवडला की खालून हिरवट-करडी बुरशी निघते. चांगल्या मक्यावर केलेला सगळा खर्च अशा एखाद्या कोपऱ्यात वाया जातो.

कॅल्शियमचा प्रश्नही आतड्याशी जोडलेला आहे. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच मुख्यतः रात्री घडते, जेव्हा कोंबडी खात नाही. शिंपल्याचे किंवा चुनखडीचे जाड खडे पेषणीत रेंगाळून रात्रभर हळूहळू विरघळतात. बारीक भुकटी मात्र संध्याकाळीच पुढे निघून जाते, शिवाय जठरातले आम्लही मारते. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के किंवा थोडे अधिक कॅल्शियम लागते, पण वाढीच्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना, एक टक्क्याच्या आसपास पुरते. तलंगांना फार आधीपासून लेअरचे खाद्य दिले तर विष्ठा पातळ होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

मक्याखेरीज

मका महागला की बाजरीकडे वळता येते. तिच्यात प्रथिने मक्यापेक्षा थोडी जास्त असतात; पिवळे रंगद्रव्य नसल्याने बलक तेवढा फिका होतो. गव्हातील अरॅबिनोझायलन मात्र आतड्यातला लगदा चिकट करते, पचन मंदावते, विष्ठा ओली होऊन अंड्यांना डाग लागतात. गव्हाचे प्रमाण वाढवायचे तर ते फोडणारे झायलनेज हे विकर (एन्झाइम) घालावे लागते. धान्य व पेंडीतील सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, तो मोकळा करण्यासाठी फायटेज वापरतात.

निफाड-दिंडोरी-सिन्नर भागात घरचे सोयाबीन असते, म्हणून ते कच्चेच भरडून घालण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचन अडवतात आणि स्वादुपिंड सुजवतात. ते नीट भाजूनच द्यावे, नाहीतर कारखान्यात उष्णता दिलेली सोयापेंड घ्यावी.

कांद्याचे भाव कोसळले की सडका-निवडलेला कांदा गावरान कोंबड्यांपुढे टाकला जातो. चिमूटभर पातीने काही बिघडत नाही, पण कांद्यातील गंधकयुक्त संयुगे लाल रक्तपेशींना इजा करतात आणि अंड्याला वास लागू शकतो. ढिगाने कांदा हे कोंबडीचे खाद्य नव्हे. वायनरीतून निघणाऱ्या द्राक्षाच्या चोथ्यात पॉलिफेनॉल असतात आणि तो वाळवून अल्प प्रमाणात खाद्यात वापरण्याचे प्रयोग वेगवेगळ्या देशांत झाले आहेत. ओला चोथा दिवसभरात बुरशी धरतो, टॅनिनमुळे जास्त प्रमाणात तो पचनही अडवतो. जिल्ह्यात हा माल मुबलक असल्याने त्याकडे नीट लक्ष द्यायला हवे, असे वाटते.

पाणी आणि ऊन

मालेगाव भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकते. शरीर थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, आतड्याचा रक्तपुरवठा घटतो आणि अस्तराचे सांधे सैल पडून जिवाणू व त्यांची विषे रक्तात शिरू लागतात. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर देणे, पाणी गार ठेवणे, खायचा सोडा किंवा इलेक्ट्रोलाइट देणे यांचा खरा फायदा इथे होतो. हिवाळ्यात निफाडला पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा खाणे वाढते आणि पाणी कमी प्यायले जाते.

बोअरच्या पाण्यात ई. कोलाय हे जिवाणू असतील तर उत्तम खाद्यही कामाला येत नाही. औषधे व जीवनसत्त्वे पाण्यातून दिल्यावर नळीत बुळबुळीत थर साचतो. तो धुऊन काढावा लागतो. पाण्यातून लस द्यायच्या वेळी क्लोरीन बंद ठेवायचे असते.

विष्ठेची पाहणी

सकाळी शेडमध्ये शिरल्यावर आधी खाली पाहावे. निरोगी विष्ठा घट्ट, वर युरिक आम्लाची पांढरी टोपी असलेली असते. अधूनमधून काकवीसारखी तपकिरी, चिकट विष्ठा पडते. ती अंधनालांतली असते, तिला हगवण समजून औषध सुरू करू नये. तीच फेसाळ, पिवळट दिसू लागली किंवा विष्ठेत मक्याचे कण जसेच्या तसे दिसले, तर पचन बिघडले आहे. रक्त दिसल्यास पशुवैद्यकाला लगेच बोलवावे. मीठ जास्त झाले तरी विष्ठा ओली होते, म्हणून औषधाआधी खाद्याचे मिश्रण तपासणे शहाणपणाचे.

प्रतिजैविके आणि पर्याय

वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर युरोपीय संघाने २००६ पासून बंदी घातली; भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिनचा अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमधील वापर बंद केला. माणसांच्या गंभीर संसर्गांत हे शेवटचे औषध मानले जाते, त्यामुळे ही बंदी मनापासून पाळण्यासारखी आहे. पर्यायाचा पाया १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी व रंताला यांनी घातला: प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील जिवाणू पिल्लांना दिल्यावर साल्मोनेला त्यांच्यात सहज ठाण मांडू शकत नाही, हे त्यांनी दाखवले. आज बॅसिलस सबटिलिस व लॅक्टोबॅसिलस हे उपयुक्त जिवाणू, यीस्टच्या पेशीभित्तिका, सेंद्रिय आम्ले हे सारे बाजारात मिळते. ताक थोडे द्यायला हरकत नाही. दूध मात्र कोंबडीला पचत नाही, कारण त्यातली लॅक्टोज शर्करा फोडणारे विकर तिच्याकडे नसते. यांतले काहीही कुबट मक्याची भरपाई करू शकत नाही. खाद्य बदलायचेच असेल तर जुने व नवे मिसळत आठवडाभरात बदलावे. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या घटकांशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ द्यावा लागतो.