वारा मोजला, पाणी राहून गेलं

13 ऑगस्ट 2004 च्या दुपारी चार्ली हे चक्रीवादळ फ्लोरिडातल्या पुंटा गोर्डा या छोट्या शहरावर धडकलं. आदल्या दिवसापासून टीव्हीवरच्या नकाशात वादळाच्या अंदाजित मार्गाची एक काळी रेघ टॅम्पा शहराकडे जाताना दिसत होती आणि पुंटा गोर्डा तिथून शंभराहून जास्त किलोमीटर दक्षिणेला. किनाऱ्याजवळ येता येता वादळ जरासं उजवीकडे वळलं. काही तासांतच ते (वादळांच्या पाच श्रेणींपैकी) दुसऱ्या श्रेणीतून चौथ्या श्रेणीत गेलं, आणि वारा ताशी 240 किलोमीटरवर पोचला. पुंटा गोर्डाला वादळाचा इशारा होता. ते नकाशातल्या पांढऱ्या शंकूतही, म्हणजे वादळाचा केंद्रबिंदू जिथून जाऊ शकेल त्या पट्ट्यातही होतं. पण अनेकांनी शंकूकडे लक्षच दिलं नव्हतं, त्यांची नजर रेघेवर होती.

हा शंकू काढण्याची रीत साधी आहे. मागच्या पाच वर्षांत बारा तासांचे, चोवीस तासांचे, तीन दिवसांचे अंदाज किती किलोमीटरने चुकले ते पाहायचं, त्यानुसार पुढच्या प्रत्येक टप्प्यावर एकेक वर्तुळ काढायचं आणि वर्तुळांच्या बाहेरून रेषा जोडायच्या. वादळाचा केंद्रबिंदू साधारण तीनपैकी दोन वेळा त्या वर्तुळात राहतो. म्हणजे तीनातून एकदा तो बाहेर जातो! शिवाय हे सगळं फक्त केंद्रबिंदूचं झालं. वारा, पाऊस आणि खवळलेला समुद्र शंकूच्या कितीतरी बाहेर पोचतात. आपल्या हवामान विभागाच्या नकाशांवरही असा शंकू असतो. जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, पण बागा आडव्या झाल्या त्या पार श्रीवर्धन-दापोलीपर्यंत.

चार्लीच्या पुढच्या वर्षी, 2005 मध्ये, अटलांटिकमध्ये 28 वादळं झाली. नावांची यादी संपली, ग्रीक अक्षरं वापरावी लागली. त्या वर्षीच्या कत्रिनाची आठवण ‘अंदाज फसला’ अशी काढली जाते, ते मला पटत नाही. वादळ न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने येतंय, हे दोन दिवसांहून अधिक आधी सांगितलं गेलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन (चक्रीवादळ) केंद्राचे संचालक मॅक्स मेफील्ड यांनी शनिवारी रात्री स्वतः महापौरांना फोन केला. रविवारी सकाळी स्थानिक हवामान कार्यालयाने जे पत्रक काढलं, त्यात कोरडे आकडे नव्हते, माणसांचे हाल होते: बराचसा भाग कित्येक आठवडे राहण्याजोगा उरणार नाही, पाण्यावाचून लोकांची दैना होईल.

सोमवारी, 29 ऑगस्टला, कत्रिना लुइझियानाच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीचं होतं. शेजारच्या मिसिसिपी राज्यातल्या लोकांना 1969 चं कॅमिल वादळ ठाऊक होतं, ते पाचव्या श्रेणीचं. जे घर कॅमिलमध्ये टिकलं ते यात सहज टिकेल, असा हिशेब अनेकांनी केला. पण श्रेणी मोजते वारा. कत्रिना आकाराने प्रचंड होतं आणि आदल्या दिवशी खोल समुद्रात पाचव्या श्रेणीचं असताना त्याने जे पाणी ढकलायला सुरुवात केली होती, ते वारा मंदावला म्हणून मागे फिरलं नाही. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर समुद्र साडेआठ मीटरपर्यंत चढला.

वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, म्हणून समुद्र थोडा फुगतो: दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर. अगदी भयंकर वादळातही यातून जेमतेम मीटरभर वाढ होते. बाकी सगळी वाऱ्याची करणी. वारा पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो. समुद्र खोल असेल तर ते खालून परत जातं, तळ उथळ असेल तर त्याला जायला वाट नसते आणि ते जमिनीवर चढतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन.

1963 ते 2012 या पन्नास वर्षांत अमेरिकेत अटलांटिकच्या वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे 90 टक्के पाण्याने गेले. निम्मे तर या समुद्राच्या उधाणाने. असं असताना इशारा मात्र वाऱ्याचाच दिला जाई.

2004-05 नंतर कामाला दोन वाटा फुटल्या. पहिली वाट अंदाजाची. वादळाचा मार्ग सांगणं तोवर बरंच सुधारलं होतं. आज तीन दिवस आधीचा अंदाज 1990 च्या सुमाराच्या एका दिवसाच्या अंदाजाइतका नेमका असतो. जोर किती वाढेल, हे मात्र दोन दशकं जवळपास तिथेच अडकून होतं. मार्ग ठरवतात आजूबाजूचे मोठे वाऱ्याचे प्रवाह, तर जोर ठरतो वादळाच्या डोळ्याभोवतीच्या, म्हणजे शांत मध्याभोवतीच्या, ढगांच्या भिंतीत आणि खालच्या कोमट पाण्याच्या थरात. तिथे डोकावायला बारीक जाळीची संगणकी प्रारूपं लागतात. 2009 मध्ये अमेरिकेने हे अंदाज दहा वर्षांत निम्म्याने सुधारण्याचा कार्यक्रम हाती घेतला. वादळात शिरणाऱ्या विमानांच्या शेपटीतल्या रडारचा डेटा प्रारूपांत जाऊ लागला. ही विमानं पॅराशूटला बांधलेल्या नळ्याही सोडतात, त्या समुद्रात पडेपर्यंत दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत राहतात.

दुसरी वाट इशाऱ्याची, आणि मला तीच जास्त अवघड वाटते. 2010 मध्ये वाऱ्याच्या श्रेणीतून उधाणाची उंची काढून टाकली, कारण दोन्हींचा मेळ बसत नव्हता. 2017 पासून उधाणाचा स्वतंत्र इशारा सुरू झाला. त्याहून लहान वाटणारा एक बदल मला फार मोलाचा वाटतो. पूर्वी पाण्याची उंची समुद्रपातळीपासून किंवा भरतीच्या रेषेपासून सांगत. ‘तीन मीटर’ ऐकून घरातल्या माणसाने काय समजायचं? आपलं अंगण समुद्रपातळीपासून किती उंच आहे, हे कुणाला पाठ असतं? आता आकडा जमिनीपासून सांगतात: तुम्ही उभे आहात तिथे पाणी छातीपर्यंत येईल की छपरापर्यंत, हे त्यातून डोळ्यांसमोर येतं.

तरीही 28 सप्टेंबर 2022 ला इयन आलं, तेही चार्लीच्याच किनाऱ्यावर. सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यांची नजर पुन्हा टॅम्पावर होती. फोर्ट मायर्स बीच हे किनाऱ्यावरचं गाव ज्या ली काउंटीत (जिल्ह्यात) येतं, तिथे स्थलांतराचा आदेश आदल्या दिवशी सकाळी निघाला; शेजारच्या काउंट्यांनी तो त्याच्याही आदल्या दिवशी काढला होता. उधाणाने चाळीसएक माणसं गेली.

2024 च्या ऑगस्टमध्ये हरिकेन केंद्राने शंकूचा नवा नकाशा प्रयोगादाखल आणला. त्यात किनाऱ्यापासून आतल्या भागातले वादळी वाऱ्याचे इशारेही रंगाने दाखवले होते. सप्टेंबरच्या शेवटी हेलीन आलं. फ्लोरिडात किनाऱ्यावर चढून ते उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांत शेकडो किलोमीटर आत गेलं आणि अ‍ॅशव्हिल परिसरात नद्यांनी वस्त्या धुऊन नेल्या. स्थानिक हवामान कार्यालयाने भीषण पूर येणार हे आदल्या दिवशीच सांगितलं होतं. नव्या नकाशावर मात्र रंग होते ते वाऱ्याचे, पुराला रंग नव्हता.