मानवी जी६पीडी: रक्तातून जिवाणूत

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजची एक वाट पेंटोज फॉस्फेट मार्गाकडे फुटते. त्या वाटेवरचे पहिले एन्झाइम म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, थोडक्यात जी६पीडी. त्यातून एनएडीपीएच, म्हणजे पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवायला मदत करणारा रेणू, तयार होतो. लाल रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रे) नसल्यामुळे ऑक्सिडीकरणाचा मारा सोसायला तिची सगळी भिस्त याच एन्झाइमवर असते.

जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ओळखले आणि त्याला ‘त्स्विशेनफर्मेंट’, म्हणजे मधले एन्झाइम, असे नाव दिले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटेल.

एन्झाइमला वैद्यकीय महत्त्व आले ते मलेरियामुळे. प्रायमाक्विन हे मलेरियाचे औषध घेतल्यावर काहींच्या लाल पेशी फुटत. अमेरिकेतल्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर या औषधाच्या चाचण्या झाल्या, आणि १९५६ मध्ये कार्सन, अल्विंग व सहकाऱ्यांनी दाखवले की अशा पेशींत जी६पीडी कमी असते. माहिती मोलाची खरी, पण ती मिळवण्याची रीत आज कुठलीही नैतिकता समिती मान्य करणार नाही.

आता एन्झाइम शुद्ध रूपात हवे होते. १९६०च्या दशकात अकिरा योशिदा यांनी ते मानवी रक्तातून वेगळे केले. काम किचकट होते, कारण लाल पेशी हिमोग्लोबिनने गच्च भरलेली असते आणि जी६पीडी त्यात नावापुरते. शिवाय एनएडीपी (ज्यापासून एनएडीपीएच बनते तो रेणू) काढून घेतले की एन्झाइमचे तुकडे सुटे होतात आणि ते निकामी होते.

१९८६ मध्ये त्याच्या जनुकाचा डीएनए क्रम हाती आला. ५१५ अमिनो आम्लांची साखळी आता ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घेता येणार होती, रक्त गोळा करण्याची गरज नव्हती.

पण एक गोम होती. ई. कोलायचे स्वतःचे जी६पीडी असते. चाचणीत एनएडीपीएच ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते आणि ते शोषण वाढताना दिसते, पण ते माणसाच्या एन्झाइममुळे की जिवाणूच्या, हे तो आकडा सांगत नाही. एन्झाइमच्या नळीवर ‘शुद्धता ९५ टक्के’ छापलेले असले, तरी उरलेल्या ५ टक्क्यांत काय आहे हे विचारावेच. यावर साधा उपाय निघाला: ज्या जिवाणूत ते जनुकच नाही, असा वाण वापरायचा. त्या जनुकाचे नाव ‘झेडडब्ल्यूएफ’, म्हणजे वारबुर्ग यांच्या त्स्विशेनफर्मेंटचेच लघुरूप. पुढे एन्झाइमला हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा कड्यांची शेपटी जोडून, तिला चिकटणाऱ्या निकेलच्या कॉलमवर (गाळणीसारख्या नळीवर) एन्झाइम पकडण्याची युक्ती आली आणि शुद्धीकरण पुष्कळ सोपे झाले.

जिवाणूत बनवलेल्या अशाच एन्झाइमची, ‘कँटन’ या उत्परिवर्तित प्रकाराची, स्फटिकरचना २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एनएडीपीची आणखी एक जागा दिसली, अभिक्रियेच्या जागेपासून दूर, रचना टिकवून धरणारी. रक्तातून काढलेले एन्झाइम एनएडीपीविना का विस्कटत होते, हे तिथे उलगडले.