योंगदो: बुसानचं जहाजं घडवणारं बेट

दक्षिण कोरियातल्या बुसान बंदराच्या तोंडाशी असलेलं योंगदो बेट १९५७ पासून शहराचा स्वतंत्र प्रशासकीय विभाग आहे. वस्ती मात्र फार जुनी. दोंगसाम-दोंग भागात नवाश्मयुगातल्या माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग सापडले आहेत. पुढे कित्येक शतकं हे बेट घोड्यांच्या कुरणासाठी ओळखलं जाई.

कुरणाचं कारखान्यांचं बेट झालं ते जपानी लोकांच्या हातून. १८८७ मध्ये तानाका नावाच्या जपान्याने इथे जहाजं बांधायला सुरुवात केली. १९३४ मध्ये बेट मुख्य भूमीला जोडणारा पूल झाला. खालून जहाज जायचं असलं की पुलाचा एक भाग वर उचलला जाई. तीन वर्षांनी मोठी गोदी उभी राहिली, तीच पुढे हानजिन या जहाजबांधणी कंपनीकडे गेली.

१९५० मध्ये सुरू झालेल्या कोरियन युद्धात बुसान तात्पुरती राजधानी झालं आणि उत्तरेकडून निर्वासितांचे लोंढे आले. ताटातूट झालीच तर योंगदोच्या पुलापाशी भेटायचं, असं ठरवून कित्येक कुटुंबं निघाली होती. आपली माणसं कधी भेटतील हे विचारायला पुलाखाली ज्योतिषांची दुकानं थाटली गेली, यात नवल नाही. ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही त्यांनी समुद्रावरच्या कड्याला धरून घरं बांधली. आज पर्यटक फोटो काढायला जातात ते हिन्योउल गाव तेच.

मला विचाराल तर योंगदो समजून घ्यायला कड्यापेक्षा देप्योंग-दोंगची जहाजदुरुस्तीची गल्ली बरी. जहाजाच्या अंगावरचा गंज आणि शिंपले हातोडीने ठोकून काढायचं काम इथे बायका करत. दोरावर टांगलेल्या फळीवर बसून दिवसभर ठोकत राहायचं. त्यात अनेकींचे कान गेले. त्या ‘कांग-कांग’ आवाजावरूनच वस्तीला कांगकांगी नाव पडलं.

गोदीचा अलीकडचा इतिहास संघर्षाचा आहे. हानजिनने फिलिपिन्समध्ये सुबिक इथे प्रचंड गोदी उभारली आणि इकडे कामगारकपात काढली. जानेवारी २०११ मध्ये किम जिन-सुक, १९८६ साली याच गोदीतून काढून टाकलेल्या वेल्डर, ८५ क्रमांकाच्या क्रेनवर चढल्या आणि ३०९ दिवस खाली उतरल्या नाहीत. २००३ मध्ये याच क्रेनवर एका कामगार नेत्याने जीव दिला होता. देशभरातून बसेस भरून लोक पाठिंब्याला आले. किम यांना स्वतःला कामावर परत घेतलं गेलं २०२२ मध्ये, तेव्हा निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं.

पूल नव्याने बांधून २०१३ पासून पुन्हा उचलला जातो, पण आता पर्यटकांसाठी. एके काळी दोन लाखांवर गेलेली विभागाची लोकसंख्या मात्र साधारण निम्म्यावर आली आहे.