आवाज लोलिआटा हॉलोवेचा, चेहरा भलतीचाच

1989 साली ब्रिटनमध्ये 'राइड ऑन टाइम' हे गाणं सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्या वर्षी तिथे सर्वाधिक खपलेलं सिंगलही तेच. टीव्हीवर कात्रीन किनोल ही सडपातळ फ्रेंच मॉडेल ओठ हलवायची. आवाज मात्र अमेरिकन गायिका लोलिआटा हॉलोवे यांचा होता. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

हा आवाज आला होता चर्चमधून. 5 नोव्हेंबर 1946 रोजी शिकागोत जन्मलेल्या हॉलोवे लहानपणापासून आईच्या भजनमंडळात गायच्या. पुढे 1967 ते 1971 या काळात त्या 'द कॅरव्हान्स' या नावाजलेल्या गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या, गटात होत्या. 1975 मध्ये 'क्राय टू मी' हे संथ, व्याकूळ सोल गाणं चाललं. पण 'अवेअर' ही त्यांची रेकॉर्ड कंपनीच बुडाली. मग त्या 'सालसोल'च्या छत्राखालच्या 'गोल्ड माइंड'कडे आल्या आणि डिस्कोच्या झाल्या.

डिस्कोत गायिका म्हणजे पुष्कळदा ठेक्यावरची सजावट. हॉलोवेंच्या बाबतीत उलटं घडलं. 1977 मध्ये वॉल्टर गिबन्स या डीजेने त्यांच्या 'हिट अँड रन'चं बारा इंची तबकडीसाठी नव्याने मिश्रण केलं. त्याने कडव्यांना कात्री लावली आणि शेवटी त्या मोकाट सुटून जे गातात, ओरडतात, आर्जवं करतात, तेच 11 मिनिटांच्या गाण्याचा गाभा केलं. माझ्या मते त्यांची खरी ओळख इथेच पटते: चर्चमधला आवेश जसाच्या तसा, फक्त खाली ड्रम.

1980 चं 'लव्ह सेन्सेशन' हे गीतकार-निर्माता डॅन हार्टमनचं. त्याने ते इतक्या वेळा गायला लावलं की घसा टिकवायला आपण कॉफीत व्हिक्स घालून प्यायलो, असं त्या सांगायच्या. (हा उपाय कुणी करून पाहू नये.) अमेरिकेच्या डान्स यादीत गाणं अव्वल ठरलं, पण तोवर डिस्कोची हवा फिरली होती. आदल्याच वर्षी, 12 जुलै 1979 ला, त्यांच्याच शिकागोत कॉमिस्की पार्कच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या होत्या. गंमत म्हणजे त्याच शहरातल्या 'वेअरहाउस' क्लबात फ्रँकी नकल्स हा डीजे अशाच तबकड्या वाजवत राहिला आणि त्यातून हाउस हे यांत्रिक ठेक्याचं नाचसंगीत उभं राहिलं. जुन्या ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरू देणारी सॅम्पलर यंत्रं हाती आल्यावर या मंडळींना ताकदीचे आवाज हवे होते, ते जुन्या तबकड्यांत आयते मिळाले.

इटलीच्या 'ब्लॅक बॉक्स' या गटानेही तेच केलं. 'लव्ह सेन्सेशन'मधल्या ओळी उचलून 'राइड ऑन टाइम' रचलं. आपल्याला पार्श्वगायन नवं नाही, पण तिथे गायिकेचं नाव असतं आणि तिला पैसे मिळतात. इथे दोन्ही नव्हतं. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, तडजोड झाली, आणि दरम्यान हेदर स्मॉल या गायिकेकडून त्याच ओळी पुन्हा गाऊन घेतलेली आवृत्तीही निघाली.

1991 मध्ये मार्की मार्कने, म्हणजे आजचा अभिनेता मार्क वॉलबर्ग, 'गुड व्हायब्रेशन्स'साठी पुन्हा 'लव्ह सेन्सेशन'च वापरलं. या वेळी तबकडीवर हॉलोवेंचं नाव होतं, व्हिडिओत त्या स्वतः होत्या, आणि गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 21 मार्च 2011 रोजी, वयाच्या 64 व्या वर्षी, हृदयविकाराने त्या गेल्या. आज त्यांच्या आठवणीत काही लावायचंच असेल, तर 'हिट अँड रन'चं गिबन्सचं मिश्रण लावा, आणि मधेच बंद करू नका.