स्वादुपिंडातले खडे आणि मागं राहणारं दुखणं

नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी भाच्याच्या सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरली. मणक्याच्या अगदी पुढे, साबुदाणा सांडावा तसे पांढरे ठिपके दिसत होते. स्वादुपिंडाच्या नळीतले कॅल्शियमचे खडे.

मुलगा चोवीस वर्षांचा. त्याआधीची तीन वर्षं तो 'ॲसिडिटी'च्या गोळ्या खात होता. दुखणं उठलं की उशी पोटाशी आवळून पुढे वाकून बसायचा, कारण उताणं झोपलं की कळ पाठीत घुसायची. रात्री दोनला फोन यायचा, "मामा, पुन्हा दुखून राह्यलं."

त्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "दारू किती घेतोस?" तो घेत नाही. माझी बहीण मात्र मान खाली घालून बसली. विचारणं चूक नव्हतं. दारू हे या आजाराचं, म्हणजे क्रॉनिक पॅन्क्रिएटायटिसचं (स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाचं), मोठं कारण आहे, आणि सिगारेट-बिडीही एक स्वतंत्र कारण आहे, दारू नसली तरी. पण आपल्याकडचं चित्र निराळं आहे. २००८ साली भारतभरातल्या १,०८६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात दारूमुळे आजार झालेले साधारण ३९ टक्के निघाले, आणि सुमारे ६० टक्के रुग्णांत ठोस कारणच सापडलं नाही. हा आजार झालेल्या माणसाकडे नातेवाईक ज्या नजरेनं बघतात, ती नजर या आकड्यापुढे तरी बदलायला हवी.

मग होतं काय? स्वादुपिंड रोज लिटरभर किंवा त्याहून जास्त पाचकरस तयार करतं. त्यातलं ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं द्रव्य. ते तयार होतं निष्क्रिय रूपात, आणि लहान आतड्यात पोचल्यावरच जागं व्हायला हवं. ते वाटेतच, ग्रंथीच्या आत जागं झालं, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. हान्स कियारी यांनी ही कल्पना १८९६ साली मांडली. शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, तिला जनुकांचा पुरावा मिळाला: पिढ्यान्‌पिढ्या हा आजार चालत आलेल्या कुटुंबांत ट्रिप्सिनच्या जनुकातच दोष सापडला.

आपल्या लोकांत तो दोष फारसा आढळत नाही. इथे गडबड दिसते ती ट्रिप्सिनला वेसण घालणाऱ्या प्रथिनात. स्पिंक-१ नावाचं जनुक हे प्रथिन बनवतं. २००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की आपल्याकडच्या, खडे होणाऱ्या, तरुण वयातल्या आजाराशी स्पिंक-१ मधल्या बदलांचा घट्ट संबंध आहे. पण हाच बदल ठणठणीत माणसांतही सापडतो, म्हणजे एकट्या जनुकानं आजार होत नाही. केरळात टॅपिओका, म्हणजे साबुदाण्याचा कंद, खाल्ल्यानं हा आजार होतो, असं एके काळी पुस्तकांत छापलं जायचं. तो संशय पुढे टिकला नाही.

आता दुखण्याकडे येतो, कारण घरचे आणि रुग्ण दोघंही त्याच्याशीच झुंजत असतात. फिल्मवर खडे दिसले की कुणालाही वाटतं, नळी तुंबली, आत दाब वाढला, म्हणून दुखतं; खडा काढला की झालं. नागपुरातून कितीतरी जण याच आशेनं हैदराबादची गाडी धरतात. तिथे बाहेरून धक्कालहरी देऊन खडे फोडतात आणि दुर्बिणीतून नळी मोकळी करून गरज पडल्यास स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवतात. पण बरं वाटतं ते खडा फुटल्यामुळे, की उपचार झाल्याच्या दिलाशामुळे? हे तपासायचा एकच प्रामाणिक मार्ग आहे: निम्म्या लोकांवर खरा उपचार आणि निम्म्यांवर त्याचा हुबेहूब देखावा करायचा, तोही त्यांची आधी संमती घेऊन.

असा प्रयोग हैदराबादेतच झाला, १०६ रुग्णांवर. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. बारा आठवड्यांनी खऱ्या उपचाराच्या गटाचं दुखणं दहाच्या मोजपट्टीवर दुसऱ्या गटापेक्षा ०.७ नं कमी होतं. चोवीस आठवड्यांनी तोही फरक उरला नाही. रोज हेच उपचार करणाऱ्या शहरात हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर प्रामाणिकपणे छापलं गेलं, याचं मला फार मोल वाटतं.

याचा अर्थ उपचार फसवे आहेत असा नाही. दुखणं एकट्या खड्याचं नसतं, असा त्याचा अर्थ. वर्षानुवर्षं सुजलेल्या ग्रंथीतून येणाऱ्या नसा बदलतात. मज्जारज्जू आणि मेंदू साध्या संदेशालाही मोठा करून ऐकू लागतात. मग नळी मोकळी झाली तरी कळ राहते. म्हणूनच नसांवर काम करणारं प्रीगॅबॅलिन हे औषध २०११ मध्ये ६४ रुग्णांवर तपासलं गेलं. तीन आठवड्यांत दुखणं ३६ टक्क्यांनी कमी झालं. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २४ टक्क्यांनी. फरक लहान, पण खरा.

दुसरा धडा वेळेचा. नेदरलँड्समध्ये ८८ रुग्णांचे दोन गट केले. एकावर लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर आधी औषधं, मग दुर्बीण, आणि तेही जमलं नाही तर शस्त्रक्रिया. २०२० मध्ये आलेल्या निकालात अठरा महिन्यांच्या काळात शंभराच्या मोजपट्टीवर पहिल्या गटाचं दुखणं सरासरी ३७, दुसऱ्याचं ४९. शस्त्रक्रिया म्हणजे 'शेवटचा उपाय' ही आपली समजूत या आजारात तपासून घ्यायला हवी. भाच्याची तीन वर्षं ॲसिडिटीच्या नावावर गेली, ती मला म्हणूनच सलतात.

परदेशातला निकाल इथे जसाच्या तसा चालत नाही, हेही सांगायला हवं. दिल्लीच्या एम्समध्ये १२७ रुग्णांवर सेलेनियम, क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन आणि मेथिओनिन यांच्या मिश्रणाची चाचणी झाली, निकाल २००९ चा. सहा महिन्यांनी दुखण्याचे दिवस औषधाच्या गटात महिन्याला सरासरी ७.४ नं कमी झाले, दुसऱ्या गटात ३.२ नं. तीन वर्षांनी इंग्लंडमधल्या ७० रुग्णांच्या चाचणीत अशाच औषधांनी दुखण्यात काहीच फरक पडला नाही. पण तिथले रुग्ण वयानं मोठे, बहुतेक दारू आणि सिगारेटमुळे आजारी झालेले. दिल्लीतले तरुण, बरेचसे कारण न सापडलेले. माझ्या मते दोघांनी वेगवेगळ्या आजारांचं औषध तपासलं. आपल्या रुग्णांवरचं संशोधन आपणच करायला हवं ते यासाठी.

जेवणाबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण घरोघरी चूक इथेच होते. निदान झाल्यावर बहिणीनं वरण-भातावरचं तूप बंद केलं, भाजी नुसती उकडून दिली. तीन महिन्यांत पोराचं वजन सात किलो उतरलं. स्निग्ध पदार्थ पचवणारं लायपेज नेहमीच्या दहा टक्क्यांच्याही खाली गेलं की शौच तेलकट होतं, पाणी टाकूनही संडासाच्या भांड्याला चिकटून राहतं. पूर्वी यावर तेल-तूप तोडायला सांगत. आताचा सल्ला उलटा आहे: नेहमीचं जेवण ठेवा आणि पाचकरसाच्या कॅप्सूल पुरेशा घ्या, मोठ्या जेवणासोबत लायपेजची ४० ते ५० हजार युनिटं. सावजीची तर्री रोज ओरपावी असं कुणी म्हणत नाही. पण वरणावर तूप हवं.

कॅप्सूल जेवणानंतर घेऊन भागत नाही. ती घासाबरोबर पोटात जायला हवी. भाचा एक पहिल्या घासाला घेतो, दुसरी अर्ध्या ताटावर. चावायची नाही, गिळायची. ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. ज्यांच्या घरात हे अडचणीचं आहे त्यांनी डॉक्टरांशी आधीच मोकळेपणानं बोलावं, परस्पर बंद करू नये.

दर वर्षी साखर तपासायची. या आजारातून होणारा मधुमेह वेगळा असतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींबरोबर साखर वाढवणारं ग्लुकागॉन बनवणाऱ्याही जातात, त्यामुळे औषध जरा जास्त झालं की साखर एकदम खाली घसरते आणि तिला वर ओढणारं शरीरात फारसं काही उरत नाही. भाच्याची साखर अजून नीट आहे. गेलेल्या सात किलोंपैकी चार परत आले आहेत, आणि रात्रीचा फोन दोन महिन्यांत एकदाच आला.