कंपवातासह जगणे : ठाणे आणि नवी मुंबई

कंपवात किंवा पार्किन्सन्स हा मेंदूचा हळूहळू वाढत जाणारा आजार आहे. तो मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. लक्षणांवर मात्र चांगले उपचार आहेत आणि निदानानंतर अनेक जण पंधरा-वीस वर्षे संसारात, मित्रांत, आपल्या कामात रमून जगतात. ठाणे-नवी मुंबईच्या मराठी घरांत त्याला सरळ 'पार्किन्सन' म्हणतात. 'कंपवात' हा शब्द वैद्यांच्या तोंडी आणि छापील मजकुरात टिकून आहे. या नावामुळे डोळ्यांपुढे थरथरणारा हात उभा राहतो, पण रुग्णाला खरे छळते ते मंदपण. शर्टाचे बटण लावायला पाच मिनिटे, कुशीवर वळायला तीन प्रयत्न, खुर्चीतून उठायला कुणाचा तरी हात. दहापैकी सुमारे तिघांना सुरुवातीला कंप नसतोच, त्यामुळे त्यांचे निदान लांबते.

आजाराची घडण

मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. ठरवलेली हालचाल सहज, योग्य वेगाने आणि योग्य ताकदीने व्हावी यासाठी ते लागते. कंपवातात या पेशी मरत जातात आणि उरलेल्यांत अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाचे गोळे साचलेले दिसतात. लक्षणे दिसू लागतात तोवर पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. हे का सुरू होते याचे एकच उत्तर नाही. वय हा सर्वांत मोठा धोका, थोड्या रुग्णांत जनुकांतला दोष, आणि काही कीटकनाशकांशी आलेला दीर्घ संबंध हेही कारणांत धरले जाते. आजार संसर्गजन्य नाही. बहुतेकांना तो साठीच्या आसपास किंवा पुढे होतो, पण पन्नाशीच्या आत सुरू झालेलेही रुग्ण आहेत आणि त्यांची नोकरी, कर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणे हा वेगळाच भार असतो.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा जणांच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन केले. पुढे फ्रान्सच्या शार्को यांनी त्याला त्यांचे नाव दिले. पार्किन्सन यांचा जन्मदिवस ११ एप्रिल, म्हणून तो जागतिक पार्किन्सन्स दिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते. आपल्याकडचा एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईतल्या पारशी वसाहतींतली पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत दर लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. भारतातल्या इतर पाहण्यांपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त होते. त्या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे होते, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचावा.

ओळख पटण्याआधी

आजार बहुधा एका अंगाने सुरू होतो. चालताना एक हात हलेनासा होतो. एकाच पायाची चप्पल घासल्याचा आवाज येतो आणि ती पुढून लवकर झिजते. गणपतीत उकडीच्या मोदकाला कळ्या पाडताना एका हाताची बोटे पारीवर अडखळतात. जन्मभर एकवीस मोदक तासाभरात वळणाऱ्या बाईला हे प्रथम कळते, आणि घरातले म्हणतात, वय झाले. खांदा आखडतो, मग 'फ्रोझन शोल्डर' म्हणून महिनोन्महिने शेक आणि व्यायाम चालतो. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. हिंगाच्या फोडणीचा वास येईनासा होणे, चिवट बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणे किंवा लाथा झाडणे ही लक्षणे तर कंपाच्या कित्येक वर्षे आधीही असू शकतात.

निदान मेंदूविकारतज्ज्ञ तपासणीवरून करतात. रक्ताची नेहमीची कुठलीही चाचणी ते करून देत नाही आणि एमआरआय मुख्यतः दुसरे आजार वगळण्यासाठी असतो. मांडीवर निवांत ठेवलेला हात थरथरतो आणि कप उचलताच शांत होतो, तर तो कंप पार्किन्सन्सकडे बोट दाखवतो. कप उचलल्यावरच चहा सांडत असेल तर तो बहुधा वेगळा, 'इसेन्शियल ट्रेमर' नावाचा विकार असतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. काही औषधांनीही हुबेहूब अशीच लक्षणे येतात. चक्करेसाठीच्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन या त्यांतल्या नेहमीच्या गोळ्या. चक्कर येते म्हणून केमिस्टकडून परस्पर आणलेली गोळी वर्षभर चालू राहिलेली असते. म्हणून पहिल्या भेटीला घरातली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत. ज्यांना आधीच कंपवात आहे त्यांनी या सगळ्याच गोळ्या टाळायच्या असतात. उलटीसाठी डोम्पेरिडोन त्या मानाने चालते, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

गोळी आणि घड्याळ

उपचाराचा कणा म्हणजे लेव्होडोपा. डोपामिन थेट दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तिथे त्याचे डोपामिन होते. वाटेतच त्याचा नाश होऊ नये आणि मळमळ कमी व्हावी म्हणून सोबत कार्बिडोपा असते. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपाचे तोंडावाटे, हळूहळू वाढवत नेलेले मोठे डोस उपयोगी पडतात हे दाखवले आणि या आजाराचे चित्र पालटले. भारतात ही जोडगोळी बहुतेक घरांत 'सिंडोपा' या ब्रँडच्या नावानेच ओळखली जाते. पाकिटावरचे ११० म्हणजे लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा १० मिलिग्रॅम, १२५ मध्ये १०० आणि २५, २७५ मध्ये २५० आणि २५. आकडा बदलला की औषध बदलले, हे केमिस्टच्या दुकानात तपासून घ्यावे.

पहिली काही वर्षे तीन वेळा गोळी घेतली की दिवस निभतो. पुढे तिचा असर आखडत जातो. रुग्णांची स्वतःची भाषा आहे, 'गोळी चढली', 'गोळी उतरली'. चढलेली असते तेव्हा माणूस भाजी निवडतो, फोनवर गप्पा मारतो, खाली जाऊन पेपर आणतो. उतरली की तोच माणूस पलंगाच्या कडेला पुतळ्यासारखा बसून राहतो. घरातल्या नवख्या माणसाला वाटते की हे नाटक आहे, मघाशी तर चालत होते! या एका गैरसमजाने घराघरांत जितके दुःख झाले आहे तितके कंपाने झालेले नाही. सात, अकरा, तीन, सात अशा वेळा ठरल्या की त्या पाळायच्याच. अर्धा तास उशीर झाला तरी त्याची भरपाई पुढचे दोन तास करावी लागते. मोबाइलचा गजर, डबीवर लिहिलेली वेळ, आणि गोळीच्या चढ-उतारांची आठवडाभराची वही, यांतली वही डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडते.

जेवणाचा संबंध इथेच येतो. प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना एकाच वाटेने जातात. उसळ, पनीर, मासे यांच्यासोबत घेतलेली गोळी मागे पडते. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने ती घ्यावी. ज्यांना हा फरक फार जाणवतो त्यांनी डाळ-मासळी रात्रीकडे ठेवून दुपारी भात-भाजी खावी. प्रथिने बंद मात्र करू नयेत, वजन आणि स्नायू झपाट्याने उतरतात. लोहाची गोळी दोन तासांच्या अंतराने.

डोस वाढला की अंगाला वेडीवाकडी, नाचल्यासारखी हालचाल येऊ शकते. ती आजाराची नसून औषधाची असते आणि डोस लहान व वारंवार केल्याने किंवा अमँटाडिनने कमी होते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या डोपामिनसारखे काम करणाऱ्या गोळ्यांनी काहींना खरेदीचा किंवा जुगाराचा अनावर नाद लागतो. कुटुंबाला याची कल्पना आधीच दिलेली असली तर ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांचा ढीग पाहून कुणी चारित्र्यावर जात नाही, डॉक्टरांना फोन करतो. ट्रायहेक्सिफेनिडिलने कंप कमी होतो, पण वयस्कांचा गोंधळ वाढतो. कुठलीही गोळी अचानक थांबवू नये. लेव्होडोपा एकदम तोडल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.

कुहिलीच्या, म्हणजे खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा नैसर्गिकपणे असते. भारतीय संशोधकांनी ते १९३७ मध्येच त्यांतून वेगळे केले होते. आयुर्वेदातला तिचा वापर पोकळ नाही, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. पण म्हणूनच कवचबीजाचे, म्हणजे याच बियांचे, चूर्ण 'निरुपद्रवी' समजून गोळीवर चढवू नये. तो दुहेरी डोस होतो.

पाय चिकटणे

आजार जुना झाला की चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. अरुंद दार, वळण, लिफ्टचा उघडणारा दरवाजा, मागून कुणी 'चला, चला' म्हणणे, यांनी ते हमखास होते. ओढून काही होत नाही, तोल जातो. सोबतच्याने थांबावे, आणि रुग्णाने लेझमीच्या तालासारखे 'एक-दोन, एक-दोन' मोजत वजन या पायावरून त्या पायावर घ्यावे, मग मोठे पाऊल. जमिनीवर आडवी रेघ दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेने हालचाल घडवतो. म्हणून दारातून जाताना अडणारा माणूस जुन्या घराचा उंबरठा मात्र पाहून सहज ओलांडतो, आणि गुळगुळीत नव्या लादीवर रंगीत चिकटपट्टीच्या चार रेघा मारल्या की तीच किमया साधते. मोरीत पकडायला दांडा, कमोडजवळ दुसरा, पायपुसणी आणि सतरंज्या घरातून बाद. रात्री उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसावे, कारण उभे राहताच रक्तदाब उतरतो.

व्यायामाला पर्याय नाही. वेगाने चालणे, सायकल, नाच, ताई-ची, यांनी चाल आणि तोल सुधारतो. ठाण्यात कचराळी तलावाभोवतीचा सपाट मार्ग आणि नेरुळला 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'ची पायवाट यासाठी चांगली, शक्यतो गोळी चढलेल्या वेळी. आवाज क्षीण होतो तेव्हा पाठ असलेले स्तोत्र रोज मोठ्याने, शेवटच्या खोलीत ऐकू जाईल असे म्हणावे. पाणी पिताना ठसका लागू लागला की हनुवटी किंचित खाली घेऊन छोटे घोट घ्यावेत आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी, कारण श्वासनलिकेत गेलेल्या अन्नाने होणारा न्यूमोनिया हा या आजारातला मोठा धोका आहे.

दोन शहरे

नौपाडा, पाचपाखाडी, घंटाळीच्या जुन्या इमारतींत लिफ्ट नाही आणि जिने चिंचोळे आहेत. पुनर्विकासाला इमारत गेली की दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात जावे लागते. वीस पावलांचा पाठ झालेला रस्ता, हाताला सापडणारी खिट्टी, सगळे पुसले जाते आणि पडणे वाढते. अशा वेळी सामान लागण्याआधी रेघा आणि दांडे लावावेत. नवी मुंबईत पदपथ रुंद आणि रस्ते सरळ, पण सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत तिसऱ्या मजल्यावरचा माणूस खाली उतरणे सोडतो, आणि तिथून त्याचा आजार वेगाने वाढल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात उखडलेले पेव्हर ब्लॉक दोन्ही शहरांत सारखेच.

लोकल हा खरा प्रश्न आहे. ठाणे स्थानकात गाडी काही सेकंद थांबते आणि फलाट व डब्यातली फट पाहूनच पाय गोठतो. परळच्या केईएमसारख्या मोठ्या पालिका रुग्णालयात जायचे तर दुपारची, रिकाम्यातली गाडी, दिव्यांग डबा आणि गोळीनंतर तासाभराची वेळ साधावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. सरकारी वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि युडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र मिळते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागते. तपासणीला गोळी चढलेल्या अवस्थेत गेल्यास मंडळाला अडचण दिसतच नाही, म्हणून गोळी उतरल्यावर काय होते हे लिहून आणि शक्य तर व्हिडिओ काढून न्यावे.

बँकेत सही जुळत नाही ही घरोघरची कहाणी. अक्षर बारीक झालेले, काउंटरवर रांग मागे, हात अधिकच थरथरतो. वेळीच नवी नमुना सही द्यावी किंवा खाते जोडीदारासह 'कुणीही एक' पद्धतीचे करावे. हयातीच्या दाखल्यासाठी थरथरता अंगठा यंत्रावर ठरत नसेल तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय मोबाइलवर आहे.

शुभार्थी आणि शुभंकर

मराठी आधारगटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मुंबईत २००१ मध्ये डॉ. बी. एस. सिंघल यांनी स्थापन केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ठिकठिकाणी असे गट चालवते. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून काम करते. नैराश्य हे आजाराचेच लक्षण असते, मनाचा कमकुवतपणा नव्हे, आणि त्यावर औषध व समुपदेशन दोन्ही उपयोगी पडतात. ठाण्यात मानसिक आरोग्याचे काम करणारी आयपीएच संस्था आहे. चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो, म्हणून नातवाला वाटते आजोबा रागावले. त्याला कारण समजावून सांगितले की तो पुन्हा मांडीवर येऊन बसतो. शुभंकर बहुधा बायको किंवा सून असते, आणि तिची रात्रीची झोप कुणी मोजत नाही. ब्युरोची बाई किंवा मुलगा ठेवला तर त्यांनाही गोळीच्या वेळा आणि 'ओढू नका' हे पहिल्या दिवशी शिकवावे. उशिराच्या टप्प्यात खोलीत मुले किंवा मुंग्या दिसल्यासारखे भास होतात. वाद घालू नये, डॉक्टरांना कळवावे. भासांवर एरवी दिले जाणारे हॅलोपेरिडॉल या रुग्णांना देत नाहीत.

गोळीला प्रतिसाद चांगला पण चढ-उतार अनावर, अशा निवडक रुग्णांत मेंदूत तारा बसवून छातीतल्या यंत्राने सूक्ष्म वीज देण्याची डीबीएस शस्त्रक्रिया करतात. मुंबईत ती उपलब्ध आहे. तिने गोळी उतरलेला काळ आणि कंप कमी होतो, तोल, बोलणे आणि स्मरण यांत फारशी सुधारणा होत नाही, आणि आजाराची चाल थांबत नाही.

दुसऱ्याच कारणासाठी, मोतीबिंदू किंवा मोडलेल्या खुब्यासाठी, इस्पितळात दाखल व्हावे लागते तेव्हा वॉर्डाच्या औषधवाटपाच्या वेळा आणि रुग्णाच्या वेळा जुळत नाहीत. दाखल होतानाच परिचारिकेला लेखी वेळापत्रक द्यावे, उपाशी ठेवायचे असेल तर गोळीचे काय करायचे हे भूलतज्ज्ञांना विचारावे आणि आपल्या गोळ्या सोबत न्याव्यात. रुग्णाच्या खिशात कायम एक चिठ्ठी असावी: नाव, घरचा फोन, 'मला पार्किन्सन्स आहे, मी नशेत नाही, मला वेळ द्या', आणि खाली गोळीच्या चार वेळा.